पाठीवर रेघ, ती पोरगी

भास्कर, तुझी अंडी फुटली.

हे सांगायला मला दोन महिने लागले. नुसती फुटली म्हणून सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "दाजी, फुटण्यात काय आहे, ती कोणाचीही फुटतात." म्हणून थांबलो. पिल्लांचे तुरे वर यायची वाट पाहिली. आता सगळं माझ्या डोळ्यांनी पाहून झालं, तेव्हा लिहायला बसलोय. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, त्यांत बसेल तेवढं लिहितो. हसायचं असेल तर हस. बायकोचा भाऊ आहेस, तो हक्क तुला पहिल्यापासून होता.

तू गेलास तेव्हा तुझी ती म्हातारी लाल कोंबडी अंड्यांवर बसून आठवडाच झाला होता. राजपुऱ्यातल्या तुझ्या घरामागे, पत्र्याखाली, भुशाच्या टोपलीत. घर माणसांनी भरलं. तुझा चुलतभाऊ नेपानगरहून आला, त्याची नजर टोपलीवर गेली. म्हणाला, "सुतकाचं घर आहे. ही अंडी आता ठेवू नका, तापीत सोडून द्या." दोन-चार जणांनी माना हलवल्या. तुझी शोभा काही बोलायच्या अवस्थेत नव्हती. माझी इंदू भिंतीला टेकून बसली होती, थोरली बहीण ना, तिचं तर माहेरच गेलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सुतक तुम्हाला. मी या घरचा जावई, मला नाही. आणि कोंबडीला तर बिलकुल नाही. या टोपलीला मी हात लावीन, दुसऱ्या कोणी लावायचा नाही."

"असं कुठे असतं का?" तो म्हणाला.

"इथे असतं," मी म्हटलं, आणि टोपलीशेजारी खाट ओढून बसलो. जावयाला कोण उठवणार.

मग रोज सकाळी मळ्यातून ऑटोने यायचो. कोंबडीला उचलून खाली सोडायचो, ज्वारीचा भरडा टाकायचो, पाणी ठेवायचो. ती खाऊन येईपर्यंत अंड्यांवर तुझी जुनी मफलर घालून ठेवायचो, गार होऊ नयेत म्हणून. तुझ्या हातावर ती कधी चोच मारत नव्हती. माझ्या मनगटावर तिने खुणा केल्या आहेत. मी तिला म्हणायचो, "बाई, मी पण त्याच्यावर चिडलेलोच आहे, मला कशाला मारतेस?" आतून शोभाला ऐकू जायचं. एकदा ती रडता रडता हसली, आणि हसली म्हणून पुन्हा रडली.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते तुला आठवतं, पण मला माझ्या तोंडाने सांगू दे, कारण तू सांगायचास तेव्हा त्यात मी नेहमी मूर्ख असायचो.

तू मिलमधून रिटायर झालास आणि राजपुऱ्यात घर घेतलंस. माझ्या मळ्यात, केळीच्या कडेला, कोंबड्या आधीपासून होत्या. काळा गावठी कोंबडा माझा, असा की बांधावर उभा राहिला तर रस्त्याने जाणारा थांबून पाहील. डोईफोडिया गावच्या बाया बाजाराला आल्या की पिल्लं घेऊन जायच्या. त्यांना कोंबड्याच पाहिजेत, अंड्यांसाठी. आणि पिल्लू एवढंसं असताना कोण सांगणार आत काय आहे? मी उलटं धरून बघायचो, पायांना झटका देतं का बघायचो, फुंकर मारायचो, आणि ठणकावून सांगायचो, मादी. दोन महिन्यांनी बाया भांडायला यायच्या. एकजण तर तुझ्या देखत म्हणाली होती, "काका, तुम्हारी मुर्गी पूरे मोहल्ले को उठाती है. बांग देती है."

तू हसलास तेवढं बास होतं, पण तू घरी जाऊन विचार करत बसलास. तुझा हाच रोग. मिलमधल्या कोणा दोस्ताकडून तू पांढऱ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांच्या कोंबड्या आणल्यास. कबऱ्या. म्हणालास, "दाजी, तुमचा काळा कोंबडा माझ्या कबऱ्यांवर सोडा. पिल्लं निघाल्यावर ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर. ज्याचं डोकं काळंभोर, ती मादी. पहिल्या दिवशी कळेल."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नको. खूण चालते ती बापाकडून. ठिपका पाहिजे तर कबरा कोंबडा घे आणि माझ्या काळ्या कोंबड्यांवर सोड. बी बापाचं असतं, भास्कर, कोंबडीचं नाही."

"उलटं होईल, दाजी."

"होऊ दे."

माझ्या मळ्यात, माझ्या काळ्या कोंबड्या, वर कबरा कोंबडा सोडला, मी माझ्या पद्धतीने केलं. पिल्लं निघाली. प्रत्येकाच्या डोक्यावर ठिपका. एकही सोडून नाही. मी सगळ्यांना सांगितलं, सगळे नर निघाले. शेजारच्या मळेवाल्याला कोंबडे म्हणून देऊनही टाकले. तू नुसता मिशीला हात लावत बसलास. पुढे तो मळेवाला बांधावरून ओरडला, "काका, तुमच्या कोंबड्याने अंडं घातलं हो." त्याने चार-सहा अंडी आणून दिली, इंदूने तव्यावर टाकली. तू जेवायला होतास. खाऊन झाल्यावर हात धुताना म्हणालास, "कोंबड्याचं अंडं चवीला चांगलं असतं, दाजी."

मी आजही म्हणतो की ते करून पाहिलं ते बरोबर केलं. उलटं केल्याशिवाय सुलटं कोणतं ते कसं कळणार? पण तू जेवढं हसलास तेवढं हसायला नको होतं.

मग तुझ्या पद्धतीने केलं. माझा काळा राजपुऱ्यात तुझ्या अंगणात आला, कबऱ्यांमध्ये. तिथली पिल्लं निघाली तो दिवस मी विसरणार नाही. काही डोकी काळी, काही डोक्यांवर पांढरा ठिपका, जसं कोणी चुन्याचं बोट लावलंय. आपण दोन डालग्यांत वेगळी ठेवली. ठिपक्याची वाढली ती आईसारखी कबरी झाली, तुरे लाल झाले, बांग देऊ लागली. काळी वाढली ती बापासारखी काळीच राहिली आणि कोपरा शोधून अंडी घालू लागली. एकही इकडची तिकडे नाही.

मी तुला विचारलं होतं, हे होतं कसं? तू अंगणातल्या मातीवर काडीने गोल काढून सांगितलंस. कबरी आई आपला पट्टा फक्त पोराला देते. पोरीला देतच नाही. पोरीला याबाबतीत जे मिळतं ते सगळं बापाकडून. मी ते ऐकलं आणि मळ्यात गेलो. केळीला पाणी सोडायचं होतं, पाइपाचं चाक फिरवून उभा राहिलो, पाणी शेवटच्या सरीतून बाहेर रस्त्यावर गेलं तरी मला भान नव्हतं. मी साठ पावसाळे कोंबड्या पाहत होतो. माझ्या आईच्या कोंबड्या, तिच्या आधीच्या कोंबड्या. हे सगळं त्यांच्या आत चालूच होतं, कोणी बघो न बघो. कोंबडी खुराड्यात बसलेली असायची, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिच्या पोटात ठरत असायचं की हे पोराला द्यायचं, हे पोरीला नाही. कधी चूक नाही, कधी विसरणं नाही. मी दुसऱ्या दिवशी तुला म्हटलं, "कोणी बसवलं असेल रे हे?" तू म्हणालास, "ते माहीत नाही. पण बसवलंय पक्कं." आजूबाजूच्या घरांत कापडाच्या सगळ्या लूम खटखटत होत्या.

इंदूला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हा दोघांच्या घरात पोरगी झाली म्हणून कोणी उड्या मारल्यात, असं मी पहिल्यांदाच पाहतेय. पेढे वाटा आता." तू खरंच पेढे आणलेस. डोईफोडियाच्या बायांना पिल्लांबरोबर एकेक पेढा दिलास. त्या मला वेडा समजल्या. तुला नाही, मला.

आपलं चांगलं चाललं होतं, भास्कर. बाया विश्वासाने येत होत्या. काळं डोकं मागायच्या, काळं डोकं घेऊन जायच्या. पण तू समाधानी राहशील तर ना. तुला टोचायला लागलं की ती खूण एका पिढीपुरतीच आहे. बायांनी आपल्या काळ्या कोंबड्या घरी वाढवून अंडी बसवली की पुढच्या पिल्लांना काही खूण नाही. पुन्हा अंधार. पुन्हा आपल्याकडे या. मी म्हटलं, "मग येऊ दे की. आल्या तर चहा पाजू."

तू म्हणालास, "दाजी, आपण नसलो तर?"

"आपण कुठे चाललोय?"

तू माझ्या मळ्यातल्या लाल गावठी कोंबड्या मागून नेल्यास आणि त्यांच्यात तुझा कबरा मिसळायला लागलास. तुला अशी कोंबडी पाहिजे होती जिची खूण तिच्या स्वतःच्या रक्तात राहील. आईबाप एकाच रूपाचे, पोरंही त्याच रूपाची, आणि तरी पहिल्या दिवशी कळावं की नर कोण, मादी कोण. तू सांगितलंस की पोराला पट्टा दोन बाजूंनी येणार, आईकडून आणि बापाकडून, म्हणून तो फिकट पडणार. पोरीला एकाच बाजूने, म्हणून ती गडद राहणार. ऐकायला सोपं. करायला तुझी कितीतरी वर्षं गेली. कधी सगळी पिल्लं काळी निघायची, कधी सगळी सारखी धुरकट. त्यातलं एखादं तुझ्या मनासारखं निघायचं, ते ठेवायचं, बाकीची वाटून टाकायची, पुन्हा पहिल्यापासून. मी यायचो आणि विचारायचो, "काय, झालं का आधार कार्ड छापून?" तू म्हणायचास, "फोटो नीट येत नाहीये, दाजी."

आपलं शेवटचं भांडण यावरूनच. तुझ्याकडे त्या रूपाचा एक कोंबडा आणि तीन कोंबड्या जमल्या होत्या. तू म्हणालास, "यांची पिल्लं जर बरोबर निघाली, तर हे सगळं डोईफोडियाला द्यायचं. कोंबडा, कोंबड्या, सगळं. मग त्यांचं त्यांच्या घरी."

मला राग आला. मी म्हटलं, "लाल कोंबड्या माझ्या होत्या. अर्धं रक्त माझं. मला विचारल्याशिवाय वाटायचं नाही. आणि जात देऊन टाकली तर बाया आपल्याकडे येतील कशाला?"

"नकोच यायला. तेच तर पाहिजे."

"मग एवढी वर्षं काय झक मारली?"

"तेवढ्यासाठीच मारली, दाजी."

मी पायात चपला घातल्या आणि निघालो. तू मागून म्हणालास, "बघू, आधी निघू तर द्या." आणि अंडी कोंबडीखाली सरकवलीस. त्यानंतर तुझा-माझा एक फोनच काय तो झाला, केळीच्या गाडीबद्दल. मला वाटलं, भांडायला अजून खूप दिवस आहेत.

म्हणून मी टोपलीशेजारी बसलो होतो, भास्कर. तुझ्या चुलतभावाला वाटलं असेल जावई अडून बसलाय. अडून तर बसलोच होतो. पण मला कळून घ्यायचं होतं. तू बरोबर होतास की नाही एवढं मला कळल्याशिवाय तू असा उठून जाणं मला मान्य नव्हतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी आलो तर राजपुऱ्यात लाईट गेलेली. सगळ्या लूम बंद. तुला माहीत आहे, इथे ती खटखट थांबली की कान दुखतात इतकं शांत होतं. त्या शांततेत मी पत्र्याखाली वाकलो आणि कोंबडीच्या पोटाखालून आवाज आला. अंड्याच्या आतून. अजून तडासुद्धा गेला नव्हता आणि आतलं पिल्लू बोलत होतं. कोंबडी खालच्या आवाजात त्याला उत्तर देत होती. मला कधी वाटलं नव्हतं की कोंबडीचा आवाज एवढा हळू होऊ शकतो. मी गुडघ्यांवर बसलो ते उठलोच नाही. इतकं आयुष्य मळ्यात काढलं, केळीचे घड बाहेर पडताना पाहिले, वासरं ओढून काढली, पण भिंतीच्या आतून कोणी जग मागतंय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सगळी निघाली. सुकून फुलली तशी मी एकेक उचललं. भास्कर, तू पाहायला पाहिजे होतंस. काहींच्या पाठीवर खारीसारख्या रेघा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, कोणी बारीक कुंचल्याने ओढल्यासारख्या, आणि डोळ्याच्या कडेला काजळ. बाकीची जशी राखेत लोळून आलीत. रेघा विरघळलेल्या, डोक्यावर मोठा पांढरा डाग. दोन्ही एकाच आईबापाची, एकाच टोपलीतली. मी माझे पाय झटकायचे, फुंकर मारायचे सगळे प्रकार विसरलो. तिथे त्यांचं कामच नव्हतं.

शोभा दारात येऊन उभी राहिली. तू एवढी वर्षं हे सगळं केलंस, तिने कधी एक पिल्लू हातात धरलं नव्हतं. म्हणाली, "कळतंय का दाजी?" मी एक तिच्या ओंजळीत दिलं. तिने बोटाने त्याच्या पाठीवरची रेघ दाबून पाहिली, पुसली जाते का तशी. म्हणाली, "ही पोरगी." दुसरं दिलं. "हा पोरगा." मग तिनेच खाली बसून सगळी निवडली. फक्त एकावर आमचं अडलं. ती म्हणाली पोरगा. मी म्हटलं, माझी नजर सांगते, पोरगी. घातलं पोरींच्या डालग्यात.

आता दोन महिने झाले. सगळी बरोबर. एक चुकलं. ते माझं. परवा डालग्यात छाती काढून घोगरं ओरडत होतं. तुझ्या कोंबडीची चूक नाही ती, लिहून ठेवतो.

आणि तुला सांगायचं ते पुढेच आहे.

मागच्या आठवड्यात सुगनाबाई आली, डोईफोडियाची, जी नेहमी तुझ्याशी भाव करायची आणि शेवटी तुझाच चहा पिऊन जायची. तिला माहीत नव्हतं. अंगणात येऊन तिने हाक मारली, "भास्करभैया, काळं डोकं आहे का?" मी उठून सांगितलं. ती तिथेच उंबऱ्याशी खाली बसली. पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. मग म्हणाली, "काका, तो अब पिल्ले नहीं मिलेंगे?"

मी सांगणार होतो, मिलेंगे, मेरे खेत पे आना. माझ्या तोंडात आलं होतं ते. काळा कोंबडा आहेच माझ्याकडे. शोभा आतून म्हणाली, "दाजी, हे त्या कोंबड्या द्यायच्या म्हणत होते. तुम्हीच नको म्हणत होता." बस, एवढंच. द्या म्हणाली नाही, देऊ नका म्हणाली नाही. माझ्यावर सोडलं तिने.

मी त्या चौघांना पकडलं. तुझा कोंबडा आणि तीन कोंबड्या. पाय बांधून सुगनाबाईच्या पाटीत ठेवले. पोरं मी ठेवली, आईबाप दिले. तिला सांगितलं, यांच्यात दुसरा कोंबडा मिसळू देऊ नको, निदान पहिल्या वर्षी. पाठीवर रेघ ती पोरगी, राखेसारखा तो पोरगा. शेजारणींनाही दे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पूरा जोड दे दिया? फिर काका, तुम्हारे पास कौन आयेगा?"

"कोई नहीं," मी म्हटलं.

ती बसने गेली. मी स्टँडपर्यंत पाटी धरून गेलो, कारण बाईमाणूस एकटी चढणार कशी. घरी आलो तर इंदूने विचारलं, दिल्या का? मी म्हटलं, हो. त्या दिवशी तिने तुझं नाव घेऊन पहिल्यांदा पोटभर गोष्टी सांगितल्या, तू लहानपणी काय काय करायचास त्याच्या.

तू जिंकलास असं समजू नको. मला ते पटलेलं नाही. आपल्या मेहनतीला आपलं नाव राहू नये हे मला आजही पटत नाही, आणि तू समोर असतास तर मी पुन्हा चपला घातल्या असत्या. पण दिलं. आता कुठेतरी डोईफोडियाच्या जंगलाकडच्या बाजूला, कुडाच्या भिंतीशी एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली असेल. पिल्लं निघतील. एखादी बाई हात पुसून त्यातलं एक उचलेल, उजेडाकडे धरेल, आणि कोणाला न विचारता म्हणेल, पोरगी. तिला तू माहीत नसशील, मीही नाही. पण ती बरोबर असेल, भास्कर.